राणी कलरचा दोरा आणि डेराबस्सीची माती

लग्न होऊन मी इचलकरंजीत आले तेव्हा माझ्याकडे होम सायन्सची नवीकोरी पदवी होती, आणि ती कुठे वापरू आणि कुठे नको असं मला झालं होतं. परसात सासूबाईंचा मोगरा होता. एका सकाळी त्याच्या आळ्यात गांडुळं वर आलेली दिसली. मी निदान केलं: ही मुळं खातात. स्वयंपाकघरातून ओंजळभर खडेमीठ आणलं आणि आळ्यात पसरलं. गांडुळं गेली. कामगिरी मी गल्लीतल्या चार घरी जाऊन सांगितली. थोड्या दिवसांनी मोगराही गेला, तेव्हा शेजारच्या काकूंची नजर लागली असं जाहीर करून मी त्यांच्याशी अबोला धरला. सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त मिठाची बरणी त्यांनी माझा हात पोचणार नाही अशा फळीवर नेऊन ठेवली.

हे आधीच सांगून मोकळी होते, कारण यंदा चंदीगडला जाऊन आले त्या प्रवासात मी जवळपास तसाच शहाणपणा पुन्हा केला. तेव्हा वय कोवळं होतं म्हणावं, तर आता तसं म्हणायला गुडघेसुद्धा साक्षीला येत नाहीत.

त्याचं असं झालं. माझा मुलगा अभय मोहालीत नोकरी करतो, राहतो झिरकपूरला. सून जसलीन तिथलीच, पंजाबी. ती चित्रकलेच्या कॉलेजात शिकवायची. नात सिया झाली तेव्हा नोकरी सोडली ती सुटलीच. आता इतक्या वर्षांनी तिचं स्वतःचं पहिलं प्रदर्शन ठरलं होतं आणि त्यात चित्र काढणार होती माती. जसलीन शुद्ध सुती कापडाचे तुकडे वेगवेगळ्या जागी जमिनीत पुरते. मातीत जीव असेल, म्हणजे बुरशी, जंतू, किडे, गांडुळं, तर ते कापूस खातात. दोनेक महिन्यांनी तुकडा वर काढायचा आणि खाऊन जे उरलं असेल ते भिंतीवर टांगायचं. फोनवर हे ऐकून मी म्हटलं, आमच्याकडे याला ट्रंकेतलं जुनं धोतर म्हणतात. पोरगी मनापासून हसली आणि म्हणाली, आई जी, कापड तुमच्या गावचंच हवं.

आता इचलकरंजीच्या बाईला कापड मागितलं म्हणजे काय विचारता. मागावरचा कोरा मांजरपाट मी स्वतः जाऊन आणला, धागा उसवून, जाळून, वास घेऊन शुद्ध कापूस असल्याची खात्री केली. जसलीननं एकच बजावलं होतं: कडा तशाच सुट्या राहू देत. मी हो म्हटलं. पण सुट्या कडांचं, दशा लोंबणारं कापड सुनेला पाठवायचं? तेही प्रदर्शनाला? मशीन उघडंच होतं. प्रत्येक तुकड्याच्या चारी कडा दुमडून मी टीप मारली. मशीनवर जावेच्या नातीच्या फ्रॉकचा राणी कलरचा रीळ चढवलेला होता, तोच वापरला. म्हटलं, तेवढीच शोभा.

पार्सल पोचलं तसा जसलीनचा फोन आला. छान आहे म्हणाली. मी खूश.

झिरकपूर

ऑक्टोबर लागता लागता मी पोचले, मातीतून कापड काढायच्या दिवसांतच. झिरकपूरला इमारतींनी रांग लावून जागा धरलेली आहे आणि गाड्यांनी रस्ता. अभयच्या गॅलरीतून खाली पाहिलं की गाड्यांचे लाल दिवे जागच्या जागी उभे दिसतात, आणि निरभ्र सकाळी पलीकडे डोंगरांची निळसर रेघ. संध्याकाळी सातवीण फुललेली असते, तिचा वास इतका दाट की चहात उतरतो की काय असं वाटावं. घरात चार भाषा नांदतात. सिया नऊ वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि मी हटकलं तर म्हणते की आजी, समझ में सब आता है, मुँह से नहीं निकलता. तिला मी सांगितलं, माझं इंग्रजीचं तसंच आहे, काही बिघडत नाही.

पहिला तुकडा सोसायटीच्या लॉनमधला. लॉन असं की त्यावर पाय ठेवायलाही लाज वाटावी, गालिचासारखं. आम्ही कोपऱ्यात उकरायला बसलो तशा खालच्या मजल्यावरच्या एक बाई धावत आल्या. लॉनची देखरेख त्यांच्याकडे. दर महिन्याला औषध फवारून घेतो, एक कीडा नहीं मिलेगा आपको, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. कापड निघालं ते जसंच्या तसं. थोडा चिखल, एक दोन पिवळट डाग. धुऊन घडी करून कपाटात ठेवता आलं असतं. बाई म्हणाल्या, देखा, कितना साफ है. त्या चेहऱ्यावरचं समाधान माझ्या ओळखीचं होतं. मीठ टाकून गल्लीभर फिरले होते त्या दिवशीचा माझा चेहरा मला आरशात पाहायला मिळाला नव्हता, तो असा अचानक समोर आला.

राणी कलरची टीप मात्र झगमगत होती. जसलीननं तुकडा उन्हाकडे धरला, टीपेवरून बोट फिरवलं आणि पिशवीत ठेवला. मला वाटलं, भारावली.

आंबराईखाली

दुसऱ्या दिवशी चंदीगडात गेलो. आमच्याकडे पत्ता विचारला तर गिरणीच्या मागं, मारुतीच्या पुढं, कुलकर्ण्यांच्या बोळात असं सांगतात. इथं सेक्टरचा आकडा सांगितला की संपलं. माणसं तो आडनावासारखा लावतात. रस्ते सरळ, चौक गोल, आणि झाडांची इतकी सावली की गाडीत बसून डोळे दिपत नाहीत. पण मधल्याच एखाद्या सेक्टरात जुने, वाकडे, ऐसपैस आंबे उभे दिसतात. शहर आखायच्या आधीपासूनचे. एवढी सरळ रेघ मारणाऱ्यांनी त्यांना हात लावला नाही हे मला आवडलं.

त्या आंब्यांखाली दुसरा तुकडा होता. तिथला माळी जसलीनच्या ओळखीचा. पालापाचोळा बाजूला केला तर खालची माती काळी, भुसभुशीत, वासानं भूक लागेल अशी. आणि कापड! मी आयुष्यभर कापडाच्या गावात राहिले, पण असं विणकाम पाहिलं नव्हतं. मधून पार खाल्लेलं, कुठे जाळी, कुठे नुसते उभे धागे, कुठे गुलाबी, शेवाळी, पाटीसारखे करडे डाग, जणू कुणी ओल्या रंगात बोट फिरवलंय. डागांवर पांढरे तंतू पसरलेले होते. बुरशी, जसलीन म्हणाली. आमच्याकडचं बारीकातलं बारीक सूत त्यापुढे दोरखंड वाटावं. सियानं तिचं खेळण्यातलं भिंग काढलं. एक पांढरा ठिपका होता, त्याला पाय निघाले आणि तो टुणकन उडी मारून गेला. माझ्या तोंडून किंचाळी निघाली. सियानं ती नंतर बापाला नक्कल करून दाखवली.

पण एवढ्या सगळ्याभोवती माझी किनार होती. तिहेरी दुमड, वर मशीनची टीप, त्यामुळे कडा मातीला फारशा चावता आल्या नव्हत्या. आत नाजूक जाळी आणि भोवती राणी कलरची जाड चौकट. उंदरानं मधून खाल्लेला हातरुमाल दिसत होता.

दुपारी अभय येऊन मला छोले-कुलचे खायला घेऊन गेला, एकटीलाच. कागदाच्या द्रोणात छोले, वर आल्याचे उभे काप, लिंबू. मी दुसरा कुलचा हातात घेतला तेव्हा तो हळूच म्हणाला की आई, तिला कडा उसवत उसवत मातीत विरून गेलेल्या हव्या होत्या, कुठे कापड संपतं आणि माती सुरू होते ते कळू नये असं. पार्सल उघडलं तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं.

"मग उसवली का नाही टीप? ब्लेडनं पाच मिनिटांचं काम."

"मी म्हटलं होतं उसव. ती म्हणाली, आई जींनी बसून शिवलंय, मी ब्लेड कसं लावू?"

कुलचा तसाच राहिला. आमच्या पिढीत सुना सासवांचं ऐकायच्या आणि मागं नावं ठेवायच्या, ते सोपं होतं. न रागावता, न सांगता, स्वतःच्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनावर सासूची टीप वागवायची, याला काय करावं? संध्याकाळी मी जसलीनपुढं ब्लेड घेऊन बसले, म्हटलं काढून टाकते. तिनं माझा हात धरून बाजूला ठेवला. आता मातीनं जे केलं त्याला हात लावायचा नाही, म्हणाली, तसंच टांगायचं. मग म्हणाली की अजून मम्मीकडचा तुकडा आहे, सगळ्यात मोठा, मधल्या भिंतीचा. तो चांगला निघाला की झालं.

डेराबस्सीच्या अलीकडे

जसलीनची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, डेराबस्सीच्या अलीकडच्या एका गावात एकट्या राहतात. वाटेत औषधांचे आणि रसायनांचे कारखाने, मग भाताची पिवळी शेतं, मग पुन्हा कारखाने. विहीणबाईंच्या घरामागं भाजीचा तुकडा आहे, दोन बाजूंनी गोदामं उठलेली. तिसऱ्या बाजूलाही गोदाम व्हावं असं एका बिल्डरला वाटतं. त्यांच्या कॅनडातल्या मुलालाही तसंच वाटतं. त्याचं म्हणणं, इतके कारखाने आले, ती माती कधीच मेली, आई मेलेल्या मातीला कवटाळून बसली आहे. रोजच्या फोनला कंटाळून विहीणबाईंनी त्याला सांगून टाकलं होतं, मातीत जीव आहे, जसलीनचा कपडा निघू दे, मग बोलू. कापड जसंच्या तसं निघालं तर कागदावर सही करीन.

म्हणजे जसलीनची मधली भिंत आणि तिच्या आईचा भाजीचा तुकडा, दोन्ही त्या एका मांजरपाटावर येऊन बसलं होतं. हे मला गाडीत कळलं. मी मनात म्हटलं, त्यावरही राणी कलरच आहे.

आपल्याकडे विहिणी भेटतात त्या ओटी, साडी, मानपान घेऊन आणि एकमेकींकडे तिरक्या नजरेनं बघत. इथं दारातच मला अशी मिठी मारली की चष्मा कानावर गेला. मी नेलेली कांदा-लसूण चटणीची बरणी त्यांनी तिथंच उघडली, बोटानं चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मान डोलावून पुन्हा चाखली. मग मुळ्याचे पराठे, त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा, लोण्यावर माझी चटणी. पोट भरलं म्हणून मी ताटावर हात आडवा धरला, तर त्यांनी हाताखालून पराठा सरकवला.

जेवणानंतर उन्हात बाजेवर बसून मी त्यांना मोगरा आणि मिठाची गोष्ट सांगितली. माझं हिंदी म्हणजे मराठीला पंजाबी ड्रेस घातलेलं, पण त्यांना सगळं कळलं. अबोला धरलेल्या काकूंपर्यंत आले तोवर त्या ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. सासूबाईंनी बरणी वर ठेवली तिथे त्यांनी ओढणी खाली घेतली आणि म्हणाल्या, बहुत अच्छी थी आपकी सास. हे मला कळायला बरीच वर्षं लागली होती, त्यांना तेवढ्यात कळलं.

मग आम्ही खणायला गेलो. जसलीननं जागेवर खुणेची काठी रोवली होती. काठी नव्हती. ती दोडक्याच्या वेलाखाली गेली होती. नुसतीच उभी होती, म्हणून वेलाला दिली, असं विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. जसलीननं डोक्याला हात लावला. अंदाजानं मेथीच्या आणि मुळ्याच्या वाफ्यांमध्ये खणायला सुरुवात झाली. तिकडे खुरप्याला रंबा म्हणतात. तो विहीणबाईंच्या हातात, दुसरा जसलीनच्या. माती ओली, ढेकळं हातात घेतली की फुटणारी. एकेका ढेकळात गांडुळं. कापड कुठेच नाही. खड्डा रुंदावला. कापड नाही.

"सब खा गई," विहीणबाई म्हणाल्या.

जसलीन मातीतच बसली. मम्मी, कदाचित जागाच चुकली असेल, म्हणाली. इथं पुरलंच नसेल, पलीकडे असेल. काही सापडलंच नाही तर भावाला काय सांगणार? तो म्हणेल कापड हरवलं, तुम्ही दोघी गोष्टी रचताय. आणि माझ्या भिंतीवर मी काय लावू? तिचा आवाज बारीक झाला होता. विहीणबाई रंबा धरून उभ्या राहिल्या. त्यांनाही आता खात्री राहिली नव्हती, हे त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. मघाची हसणारी बाई ती हीच का असं वाटावं.

मला वाकायला त्रास होतो, म्हणून मी बाजेवरचं उशाला घ्यायचं पोतं आणून त्यावर फतकल मारली आणि उकरलेला ढीग चाळायला लागले. तांदूळ निवडतात तसं. मुळं होती, काड्या होत्या, एक बटण होतं. आणि एका ढेकळातून काहीतरी लोंबलं. मूळ समजून ओढलं तर ते तुटेना. बोटांनी माती पुसली. राणी कलर.

हळूहळू ओढत गेले. कापड कणभरही नव्हतं, नुसता दोरा. वरचा आणि बॉबिनचा एकमेकांत अडकून राहिलेले, टाक्यांच्या वळ्या तशाच. मध्येच एक गाठाळ जागा लागली, मग लांब सरळ धाव, मग पुन्हा गाठाळ जागा. माझी सवय आहे, कोपरा आला की उलट सुलट टाके घालून तो पक्का करायचा. चार कोपरे मोजून दाखवले. माझ्या मशीनचं बॉबिन सैल आहे, त्यामुळे खालून बारीक फासे सुटतात, तेही दाखवले. या टीपेखाली शपथ घेऊन सही करायला मी तयार होते. कापड इथंच होतं, एवढंच्या एवढं होतं, आणि आता नाही.

दोरा का उरला हे सिया म्हणाली तेव्हा कळलं: "आजी, ये तो प्लास्टिक वाला है ना?" पॉलिस्टर. धागा जाळून, वास घेऊन कापडाची परीक्षा करणाऱ्या बाईनं रिळाकडे बघितलंच नव्हतं.

जसलीननं तो दोरा तळहातावर घेतला. मग तिनं आईला नीट समजावलं, उगाच खोटी आशा नको म्हणून. यावरून इतकंच कळतं की आत जीव आहे, भरपूर आहे. कारखान्याचं काही मातीत उतरलंय की नाही ते यातून कळत नाही, ते वेगळं तपासावं लागेल.

"जीव है न?" विहीणबाई म्हणाल्या. "मैंने जीव ही कहा था."

आणि रंब्यानं खड्डा बुजवायला लागल्या.

मधली भिंत

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी दोरा ओला करून, ताणून, सरळ चौकोनात लावायला निघाले होते. जसलीननं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हात मागं घेतले. एवढं शिकले.

तिनं तो मातीतून निघाला तसा, वेडावाकडा, वळ्या पडलेला, दोन खिळ्यांवर टांगला. खाली गावाचं नाव. एका बाजूला लॉनचं धडधाकट कापड, दुसऱ्या बाजूला आंबराईची जाळी, आणि मधल्या मोठ्या पांढऱ्या भिंतीवर नुसता लोंबता राणी कलरचा दोरा. लोक जाळीपाशी वाहवा म्हणत, मधल्या भिंतीपाशी येऊन थबकत. एका काकांनी मला विचारलं, इसमें चित्र कहाँ है जी? मी म्हटलं, खाऊन टाकलं. त्यांनी कुणी खाल्लं विचारलं आणि जसलीन त्यांच्याशी इतका वेळ बोलत उभी राहिली की तिचा चहा गार झाला. तिला असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर तिची माझी भेट बहुतेक स्वयंपाकघरातच झाली आहे.

विहीणबाई मोरपंखी ओढणी घेऊन आल्या. दोऱ्याखाली ताठ उभ्या राहून त्यांनी फोटो काढून घेतला आणि तिथूनच कॅनडाला फोन लावला. पलीकडून मुलगा बरंच काही म्हणाला. शेवटी, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाला. पुढच्या वर्षी काय होईल ते पुढच्या वर्षी. विहीणबाईंनी त्या खड्ड्यावर मुळ्याचं बी टाकलंय, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही, मला सांगितलं.

निघायच्या दिवशी त्या झिरकपूरला माझी बरणी परत द्यायला आल्या. रिकामी बरणी परत करायची नाही ही रीत तिकडेही आहे, मला वाटलं लोणचं असेल. हातात घेतली तर जड. झाकण उघडलं: काळी, ओलसर माती, काठोकाठ. तुमच्या मोगऱ्यासाठी, म्हणाल्या. मी बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. त्यांनी माझा चष्मा पुन्हा वाकडा होईल अशी मिठी मारली आणि कानाशी म्हणाल्या,

"ले जाओ, भैणजी. बस, नमक मत डालना. और किनारी मत सीना."